ड्रायव्हर पॅक: डेल, एचपी आणि लेनोवो यांची सेवा एका पतसंस्थेच्या कामात कशी उतरते

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कोल्हापुरातल्या पतसंस्था, कारखान्यांची कार्यालये व महाविद्यालये यांच्या संगणक विभागांवर एकाच वेळी मोठे काम येऊन पडले. इंटेलच्या आठव्या पिढीआधीची बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नसल्यामुळे ती बदलणे भाग होते. आणि खरेदी एकदम न होता शाखांच्या गरजेप्रमाणे व संचालक मंडळाच्या मंजुरीप्रमाणे टप्प्याटप्प्याने झाल्यामुळे बहुतेक संस्थांत आज डेल, एचपी आणि लेनोवो या तिन्ही कंपन्यांची मशीन शेजारी शेजारी चालत आहेत. मी एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग पाहतो. मुख्य कार्यालय शाहूपुरीत आणि शाखा गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूरपासून गगनबावड्यापर्यंत. या तिन्ही कंपन्या आपल्या व्यावसायिक मॉडेलसाठी जे ड्रायव्हर पॅक आणि त्यासोबतची साधने मोफत देतात, त्यांचे हे परीक्षण अशाच मिश्र ताफ्याच्या अनुभवातून लिहिले आहे.

ड्रायव्हर म्हणजे संगणकातल्या एखाद्या भागाची विंडोजशी सांगड घालणारे छोटे सॉफ्टवेअर, आणि ड्रायव्हर पॅक म्हणजे एका मॉडेलला लागणाऱ्या सर्व ड्रायव्हरच्या मूळ फाइलींचा एकत्रित संच. प्रत्येक ड्रायव्हरमागे साधारणपणे तीन प्रकारच्या फाइली असतात: कोणत्या हार्डवेअरला काय बसवायचे हे सांगणारी आयएनएफ फाइल, प्रत्यक्ष काम करणारी एसवायएस फाइल आणि डिजिटल सही असलेली कॅट फाइल. सेटअपची खिडकी उघडणे, ‘नेक्स्ट’ दाबत जाणे, मध्येच मशीन पुन्हा सुरू करणे यांपैकी काहीही करावे लागत नाही. विंडोजची इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, डिस्कवर उतरली की डिस्म या आज्ञेने हा संपूर्ण संच त्या इमेजमध्ये घालता येतो आणि मशीन पहिल्यांदा सुरू होतानाच आवाज, नेटवर्क, ग्राफिक्स, टचपॅड हे सारे जागेवर असते. एका मशीनसाठी हा खटाटोप जास्त वाटेल, परंतु एका आठवड्यात अनेक शाखांची मशीन तयार करून पाठवायची असतील तेव्हा त्याचे मोल कळते.

याला नेहमी येणारा आक्षेप आधी विचारात घ्यायला हवा. राजारामपुरीतले आमचे एक विक्रेते दर वेळी म्हणतात, ‘साहेब, कशाला एवढा घोर? इंटरनेट लावून ठेवा, विंडोज आपलं आपण घेतंय की.’ घरच्या लॅपटॉपपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. विंडोज अपडेटवरून मिळणारे ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतात. पण ते घेण्यासाठी आधी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बसलेला असावा लागतो, आणि नव्या मशीनवर नेमका तोच नसतो. शिवाय एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या मशीनवर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या आवृत्त्या येऊन बसतात आणि पुढे एखादे मशीन अडले की दोष शोधताना तुलनेला हाती काहीच राहत नाही. पावसाळ्यात लाइन दिवसदिवस अडखळते अशा घाटाकडच्या शाखेत तर काही जीबी उतरवून घेण्यावर विसंबणे परवडत नाही.

माझ्या दृष्टीने या सेवेची खरी परीक्षा मशीनची ओळख पटवण्यात होते. पॅक कितीही चांगला असला तरी तो कोणत्या मशीनचा आहे हे निःसंदिग्धपणे कळले नाही, तर त्याचा उपयोग नाही. येथे तिन्ही कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. डेलच्या मशीनला विंडोजमधून मॉडेल विचारले तर सरळ विक्रीचे नाव मिळते आणि त्याशिवाय प्रत्येक मॉडेलला चार अक्षरी सिस्टिम एसकेयू क्रमांक असतो. एचपीमध्ये नाव बरेच लांबलचक असते, परंतु मदरबोर्डचा चार अक्षरी क्रमांक अचूक असतो आणि एचपीची सर्व साधने त्यावरच चालतात. लेनोवोची तऱ्हा निराळी आहे. तेथे मॉडेल विचारल्यावर थिंकपॅड हे नाव येतच नाही, येतो तो एक सांकेतिक क्रमांक, ज्याची पहिली चार अक्षरे म्हणजे मशीन टाइप. वाचता येईल असे नाव दुसऱ्याच रकान्यात ठेवलेले असते. नव्या माणसाला यात अडचण वाटते, पण माझ्या मते हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. थिंकपॅड टी१४ च्या पहिल्या पिढीचे उदाहरण घ्या. इंटेल प्रोसेसरच्या मशीनचा टाइप २०एस० किंवा २०एस१ असतो आणि एएमडीच्या मशीनचा २०यूडी किंवा २०यूई. नाव तेच, झाकणावरची अक्षरे तीच, आतला चिपसेट, ग्राफिक्स आणि बहुतेक ड्रायव्हर मात्र पूर्णपणे वेगळे. कोटेशनवर नुसते ‘टी१४’ लिहिलेले असेल तर कोणता पॅक घ्यायचा हे पुण्यातल्या तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. चार अक्षरे लिहिलेली असतील तर आमच्या विभागातला नवा मुलगाही बरोबर पॅक उचलतो.

नावावर न विसंबण्याचे आणखी एक कारण २०२५ च्या जानेवारीत पुढे आले. डेलने लॅटिट्यूड, ऑप्टिप्लेक्स, इन्स्पिरॉन ही वर्षानुवर्षांची नावे मागे घेऊन डेल, डेल प्रो आणि डेल प्रो मॅक्स अशी नवी मांडणी जाहीर केली. ज्यांनी आपल्या सर्व्हरवरची फोल्डर आणि स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली) केवळ नावाच्या आधारे लावली होती, त्यांना नियम नव्याने लिहावे लागतात. ज्यांनी क्रमांक धरला, त्यांना केवळ यादीत एक ओळ वाढवावी लागते.

डेलच्या सेवेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती गुंतागुंतीची नाही आणि हाच तिचा मोठा गुण आहे. सर्व पॅकची एकच सूची एका कॅटलॉग फाइलमध्ये मिळते; तीत मॉडेल, विंडोजची आवृत्ती, फाइलचा आकार आणि फाइल जशीच्या तशी उतरली की नाही हे तपासण्यासाठीचा हॅश असे सर्व असते. ही सूची स्क्रिप्टने वाचून आपल्याकडच्या मॉडेलचे पॅक आपोआप उतरवून घेता येतात. पूर्वी हे पॅक कॅब या दाबून बांधलेल्या फाइलीच्या स्वरूपात येत, आता ते स्वतः उलगडणाऱ्या एक्झी स्वरूपात येतात, एवढाच फरक जुन्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावा.

एचपीकडे पॅकपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते एचपी इमेज असिस्टंट हे साधन. ते मशीनवर चालवले की त्या मशीनची सध्याची स्थिती आणि एचपीने त्या क्रमांकासाठी प्रसिद्ध केलेली संदर्भ यादी यांची तुलना करते आणि कोणता ड्रायव्हर नाही, कोणता जुना आहे, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती कोणती असायला हवी याचा सविस्तर अहवाल देते. हा अहवाल फाइलमध्ये साठवता येतो आणि साधन पडद्यावर काहीही न दाखवता आज्ञेनेही चालवता येते, त्यामुळे शाखेतील कर्मचाऱ्याचे काम न थांबवता तपासणी होते. लेखापरीक्षणाच्या वेळी संगणकांची देखभाल कशी होते असा प्रश्न येतो, तेव्हा हा अहवाल पुढे ठेवता येतो, हा त्याचा अनपेक्षित लाभ आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्याने पॅकला विनाकारण बोल लावला जातो. अलीकडच्या ड्रायव्हरची रचना डीसीएच पद्धतीची असते. तीत मूळ ड्रायव्हर वेगळा, त्या विशिष्ट मॉडेलसाठीची जोड असलेली एक्स्टेन्शन आयएनएफ वेगळी आणि वापरणाऱ्याला दिसणारे नियंत्रणाचे ॲप आणखी वेगळे असते. पॅकमधून पहिल्या दोन गोष्टी येतात. तिसरी बहुधा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून येते. म्हणून आवाज व्यवस्थित येतो, पण हेडफोन आणि माइक यांची निवड करणारी खिडकी सापडत नाही. टचपॅड चालतो, पण त्याच्या काही सोयी दिसत नाहीत. ज्या संस्थांनी सुरक्षेसाठी स्टोअर बंद ठेवले आहे, त्यांच्याकडे हे हमखास घडते. एचपीचे साधन अशा उरलेल्या गोष्टी बऱ्याच अंशी भरून काढते, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो.

दूरच्या शाखांसाठी मात्र माझी पहिली पसंती लेनोवोच्या जोडीला आहे. अपडेट रिट्रीव्हर हे साधन मुख्य कार्यालयात चालवून आपल्याकडच्या मशीन टाइपचे सर्व ड्रायव्हर आणि बायोस एका सामायिक फोल्डरमध्ये उतरवून ठेवता येतात. नंतर थिन इन्स्टॉलर हे दुसरे साधन त्या फोल्डरकडे वळवले की ते मशीनला लागणारे तेवढेच निवडून बसवते. थिन इन्स्टॉलर स्वतः इन्स्टॉल करावा लागत नाही, त्याचे फोल्डर तसेच्या तसे चालते. म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन्ही फोल्डर घेऊन गगनबावड्याच्या शाखेत गेले तरी इंटरनेटला हात न लावता काम पुरे होते. एचपीमध्येही स्थानिक साठा तयार करता येतो, पण त्यासाठी पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-भाषेची ओळख असलेला माणूस लागतो. लेनोवोचे काम साध्या खिडकीतून होते. ज्या संस्थेत संगणक विभाग म्हणजे एक किंवा दोन माणसे, तेथे हा फरक मोठा ठरतो.

आता एका अशा अडचणीकडे वळतो जी कोणत्याही कंपनीच्या मशीनवर येऊ शकते आणि जिच्यामुळे चांगले मशीन खराब समजून परत पाठवले जाते. नवा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला, विंडोज सेटअप उघडला, भाषा निवडली आणि डिस्क निवडण्याच्या पानावर यादी कोरी. डिस्क आत आहे, बायोसमध्ये ती दिसते, तरीही सेटअपला ती सापडत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक मशीनमध्ये व्हीएमडी नावाचे डिस्क-नियंत्रक सुरू ठेवलेले असते आणि एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) त्याच्यामागे असते. त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या माध्यमात नसेल तर डिस्कपर्यंत पोहोचताच येत नाही. अशा वेळी त्या पानावरच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून इंटेल रॅपिड स्टोरेजचा व्हीएमडी ड्रायव्हर दाखवला की पुढच्याच क्षणी डिस्क यादीत उभी राहते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होते, पण तो निर्णय विंडोज टाकण्यापूर्वीच घ्यायचा असतो. विंडोज बसल्यावर ती कळ फिरवली तर मशीन निळ्या पडद्यावर अडकते. म्हणून बूट इमेजमध्ये, म्हणजे विंडोज टाकण्यासाठी मशीन ज्यावरून सुरू करतात त्या छोट्या प्रतीत, नेटवर्क आणि स्टोरेज यांचेच ड्रायव्हर घालावेत आणि ते मात्र न चुकता घालावेत, असे माझे ठाम मत आहे. ध्वनी, ग्राफिक्स, फिंगरप्रिंट यांचे तेथे काही काम नसते; बूट इमेज फुगते आणि नेटवर्कवरून सुरू व्हायला वेळ लागतो, एवढेच. डेल आणि एचपी बूट इमेजसाठी वेगळा, आटोपशीर पॅक देतात आणि तोच वापरणे योग्य.

दुसरी काळजी साठ्याच्या मांडणीची. सर्व मॉडेलचे ड्रायव्हर एकाच मोठ्या फोल्डरमध्ये ओतून विंडोजला काय हवे ते घेऊ द्यावे, ही पद्धत अनेक ठिकाणी चालते आणि सुरुवातीला ती सोयीचीही वाटते. परंतु विंडोज ड्रायव्हर कसा निवडते हे पाहिले की तिच्यातला धोका कळतो. आधी सही आणि हार्डवेअर क्रमांकाशी किती नेमकी जुळणी आहे हे पाहिले जाते. त्यात बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो ड्रायव्हर निवडला जातो, आणि तारीखही सारखी असेल तरच आवृत्तीचा क्रमांक पाहतात. त्यामुळे एका मॉडेलसाठी आलेला नव्या तारखेचा ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलवर जाऊन बसू शकतो. तो चालतोही, पण झाकण मिटल्यावर मशीन नीट झोपत नाही किंवा डॉक जोडल्यावर दुसरा मॉनिटर उजळत नाही, अशा तक्रारी महिन्याभराने सुरू होतात आणि मूळ कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. यावरचा चांगला उपाय मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट हे अनेक मशीनवर विंडोज टाकण्याचे साधन वापरणाऱ्यांनी फार पूर्वी रूढ केला: आधी विंडोजची आवृत्ती, तिच्यात कंपनी, तिच्यात मॉडेल अशी फोल्डरची उतरंड करायची आणि प्रत्येक मशीनला केवळ त्याच्याच फोल्डरमधले ड्रायव्हर द्यायचे. ते टूलकिट आज नव्याने घेण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ८४५६, जानेवारी २०१९ मध्ये आली, विंडोज ११ ला त्याचा अधिकृत आधार नाही आणि त्याच्या स्क्रिप्ट ज्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेत आहेत ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोडीत काढायच्या यादीत टाकली. फोल्डरची ती उतरंड मात्र कोणत्याही साधनासोबत तशीच्या तशी वापरता येते आणि आम्ही ती वापरतो.

तिन्ही कंपन्यांचे पॅक जेथे थांबतात, तेथून पतसंस्थेचे निम्मे काम सुरू होते. काउंटरवरचा पीएलक्यू-२० सारखा पासबुक प्रिंटर, आधारसाठीचे बोटाचे ठसे घेणारे यंत्र, अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीचे टोकन यांपैकी एकाचाही ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पॅकमध्ये नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही धरू नये. त्यांच्यासाठी ‘शाखा’ नावाचे वेगळे फोल्डर ठेवून मॉडेलचा पॅक बसल्यानंतर ते पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने घालणे चांगले. प्रिंटरच्या बाबतीत तर मूळ कंपनीचा ड्रायव्हर जपून ठेवण्याला आता अधिक महत्त्व आले आहे, कारण इतर कंपन्यांच्या प्रिंटर ड्रायव्हरची विंडोज अपडेटवरची सेवा टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले. दूध संस्था आणि साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांना जोडलेल्या यूएसबी-सिरीयल केबलबद्दलही हेच सांगावे लागेल. पीएल२३०३ मालिकेतल्या जुन्या चिपना विंडोज ८ पासून पुढे आधार नाही; अशी केबल विंडोज ११ च्या मशीनला लावली की डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरण-यादीत नावाच्या जागी ‘ही चिप बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. तेथे ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही, केबल बदलावी.

पॅकबद्दल माझी एक तक्रार आहे. यांपैकी एका कंपनीच्या एका मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या बनावटीची वायफाय कार्डे येतात, आणि आम्ही उतरवलेल्या पॅकमध्ये त्यांतल्या एकाच कार्डाचा ड्रायव्हर होता. एकाच खोक्यातून आलेली दोन मशीन, एकावर वायफाय चालू आणि दुसऱ्यावर पिवळे उद्गारचिन्ह. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीच्या गुणधर्मांतून हार्डवेअर क्रमांक पाहावा. त्यातला व्हेंडरचा भाग निर्माता सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०२२ म्हणजे एएमडी. निर्माता कळला की मॉडेलच्या सपोर्ट पानावरून तेवढा एकच ड्रायव्हर घेऊन आपल्या फोल्डरमध्ये कायमचा घालता येतो. तरीही हे काम ग्राहकावर यायला नको होते. पॅक काढताना त्या मॉडेलमध्ये बसणाऱ्या प्रत्येक कार्डाची नोंद कंपनीकडे असतेच.

या अडचणींवर सोपा तोडगा म्हणून अनेक दुकानांत सर्व ड्रायव्हर असलेली एकच मोठी डिस्क वापरली जाते, जी कोणत्याही मशीनवर चालते असे सांगतात. संस्थेच्या मशीनवर ती वापरू नये. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर (विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर) मायक्रोसॉफ्टची सही बंधनकारक आहे आणि आयएनएफमध्ये एक अक्षर बदलले तरी कॅट फाइलमधली सही जुळत नाही. ही व्यवस्था आपल्या संरक्षणासाठी आहे. कोणी जमवले, कोठून आणले, सोबत आणखी काय बसते, यांपैकी कशाचाही पत्ता नसलेला संच ज्या मशीनवरून ठेवीदारांची खाती उघडतात त्यावर चालवणे मला मान्य नाही. मूळ कंपनीचे पॅक मोफत मिळत असताना त्याची गरजही उरत नाही.

तिघांत निवड करायची झाली तर माझे मत असे आहे: पॅक उतरवून घेण्याची सर्वांत सरळ व्यवस्था डेलची, बसवल्यानंतरची तपासणी एचपीची, आणि इंटरनेटविना चालणाऱ्या शाखेसाठी लेनोवोची. पण कोणत्या कंपनीचे मशीन घ्यावे यापेक्षा कोणत्या श्रेणीचे घ्यावे हा प्रश्न मोठा आहे. थिंकपॅड, थिंकसेंटर, प्रोबुक, एलिटबुक, लॅटिट्यूड, ऑप्टिप्लेक्स आणि आताची डेल प्रो या व्यावसायिक श्रेणींसाठी असे पॅक निघतात. आयडियापॅड, पॅव्हिलियन, इन्स्पिरॉन अशा घरगुती श्रेणींसाठी ते सहसा निघत नाहीत. दोन कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी सारखे दिसतात आणि घरगुती मशीन काही हजारांनी स्वस्त पडते म्हणून ते मंजूर होते. मग त्याचा एकेक ड्रायव्हर हाताने शोधण्यात ती बचत संपते, आणि तो वेळ कोणत्याही खर्चाच्या खात्यात दिसत नाही.

म्हणून आमच्या कोटेशनच्या नमुन्यात आता दोन ओळी वाढवल्या आहेत. पहिल्या ओळीत विक्रेत्याने नेमका क्रमांक लिहायचा: लेनोवो असेल तर मशीन टाइप, एचपी असेल तर मदरबोर्डचा क्रमांक, डेल असेल तर सिस्टिम एसकेयू. दुसऱ्या ओळीत त्या क्रमांकासाठी विंडोज ११ चा ड्रायव्हर पॅक उपलब्ध आहे की नाही हे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहायचे. सुरुवातीला विक्रेते कुरकुरले, कारण त्यांच्याही वितरकाकडून ही माहिती मागवावी लागते. आता राजारामपुरी आणि शाहूपुरीतले आमचे नेहमीचे विक्रेते ती न मागता भरून देतात आणि खरेदी समितीच्या बैठकीत दराच्या रकान्याआधी तो रकाना वाचला जातो.